सुप्रमाच्या आधी एक तक्ता मागा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : सिंचन प्रकल्पांच्या लाभ-व्यय गुणोत्तराचा हिशेब सभागृहापुढे मांडून घेण्याबाबत.
संदर्भ : काही नाही. पत्र आपण होऊन लिहीत आहे.

महोदय / महोदया,

पाटबंधाऱ्यांच्या कामावर माझी बत्तीस वर्षे गेली. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. या काळात मी किती घनमीटर माती हलवली याचा हिशेब आता आठवत नाही, पण एक शब्द डोक्यातून जात नाही : सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे खर्च वाढला की प्रकल्पाला पुन्हा घ्यावी लागते ती मंजुरी. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा. आमच्याकडे प्रकल्पाचे वय वर्षांत मोजत नसत, सुप्रमांत मोजत. प्रत्येक सुप्रमाच्या प्रस्तावाला शेवटी शेवटी एक तक्ता जोडलेला असतो. तो बहुधा कुणी उघडत नाही. त्या तक्त्यात लाभ-व्यय गुणोत्तर असते, आणि हे पत्र त्या एका आकड्याबद्दल आहे.

आकडा साधा आहे. प्रकल्पावर वर्षाला एक रुपया खर्च होत असेल तर त्यातून वर्षाला किती रुपयांचा लाभ होतो, हे तो सांगतो. मोठ्या सिंचन प्रकल्पाला तो १.५ च्या वर हवा, अवर्षणप्रवण भागात १ असला तरी चालतो. इंग्रजांच्या काळी निकष याहून कडक आणि कोरडा होता. पाणीपट्टीतून सरकारचे व्याज सुटते का, एवढेच ते बघत. सुटत असेल तर काम 'उत्पादक', नसेल तर दुष्काळासाठी म्हणून नाइलाजाने केलेले 'संरक्षक'. स्वातंत्र्यानंतर आपण ठरवले की तिजोरीत काय येते यापेक्षा शेतकऱ्याच्या खळ्यात काय येते ते मोजायचे. हा बदल योग्यच होता, आणि मी आजही त्याच बाजूचा आहे. माझे भांडण मोजण्याशी नाही. आपण मोजल्यासारखे करतो, त्याच्याशी आहे.

१९९० च्या दशकातली गोष्ट सांगतो. प्रकल्पाचे नाव घेत नाही, साहेबांचेही नाही. ते आता हयात नाहीत आणि माणूस वाईट नव्हता. उपविभागात आम्ही तिघे सुप्रमाच्या प्रस्तावाला बसलो होतो. दरसूची बदललेली, भूसंपादनाचे वाढीव मोबदले आलेले, त्यामुळे खर्चाची बाजू फुगली होती. मी कॅल्क्युलेटरवर गुणोत्तर काढले ते आले १.२७. साहेबांनी कागद बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढेच म्हणाले, "पीकरचना जरा बघा."

पीकरचना बघणे म्हणजे काय, हे उपविभागात शिकवावे लागत नाही. लाभक्षेत्रात भाजीपाला ३ टक्के होता, तो मी खोडरबराने पुसून ८ केला. उन्हाळी भुईमूग वाढवला. मिरची आणली. हेक्टरी उत्पादन शेतकऱ्याचे होते, ते काढून कृषी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक प्लॉटचे घातले. मग प्रकल्पपूर्व रकान्याकडे वळलो. त्या शिवारात तीसेक टक्के जमिनीला विहिरीचे ओलीत आधीपासूनच होते. तिला जिरायत दाखवले, म्हणजे आज जे पिकते तेही आपल्याच कालव्याचे पुण्य. कुठेही खोटी सही नाही, कुठेही पैशाला हात लावलेला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास गुणोत्तर १.५४ झाले. साहेबांनी चहा मागवला.

मी तेव्हा तिशीत होतो. वाटले, यात गैर काय? धरण तर चांगलेच आहे, लोकांना पाणी मिळेलच. निकष आडवा येतो म्हणून थोडे वाकवले. पुढे वेगवेगळ्या कार्यालयांत बरेच तक्ते पाहिले, आणि लक्षात आले की १.२७ कुठेच दिसत नाही. दिसतात ते १.५२, १.५६, १.६१. पास होण्यापुरते मार्क. शाळेत एका वर्गातल्या सगळ्या पोरांना पस्तीस ते अडतीसच्या मधे मार्क पडले तर इन्स्पेक्टर काय समजेल?

आता त्या तक्त्याच्या आतली गंमत बघा. खर्चाच्या बाजूला भांडवलावर १० टक्के व्याज धरतात, धरणाचे आयुष्य १०० वर्षे मानून १ टक्का घसारा, आणि देखभाल-दुरुस्ती. उपसा असेल तर पंपांचा घसारा आणि विजेचे बिल. लाभाच्या बाजूला ओलितानंतरचे पिकांचे निव्वळ उत्पन्न घ्यायचे आणि त्यातून आधीचे वजा करायचे. भागाकार केला की गुणोत्तर तयार. या गणितात घड्याळ नाही. प्रकल्प पूर्ण झाला आहे, शेवटच्या चारीपर्यंत, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या शेवटच्या छोट्या पाटापर्यंत, पाणी पोचले आहे, सगळे शेतकरी कागदातल्या पीकरचनेप्रमाणे पिके घेत आहेत, असे एक वर्ष कल्पायचे आणि त्याचा हिशेब मांडायचा. ते वर्ष भूमिपूजनानंतर पाचवे असो की पस्तिसावे, उत्तर तेच.

प्रत्यक्षात मात्र उशीर हाच सगळ्यात मोठा खर्च असतो. तक्त्याचाच १० टक्के दर धरा. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ३९ पैसे. वीस वर्षांनी मिळणाऱ्याची १५ पैसे. तीस वर्षांनी मिळायचा असेल तर जेमतेम ६ पैसे. पैसा आज ओतायचा आणि पीक नातवाच्या काळात काढायचे, असा तो व्यवहार. हे सरकारला कुणी सांगितले नाही असे नाही. १९८३ मध्ये नितीन देसाई समितीने सांगितले होते की सिंचन प्रकल्पांना गुणोत्तराऐवजी अंतर्गत परतावा दराने तपासा. हा दर कोणत्या वर्षी किती खर्च झाला आणि कोणत्या वर्षी किती लाभ झाला, ते पाहूनच निघतो. साधारण ९ टक्के हवा, अवर्षणप्रवण भागात ७ टक्के पुरे, असे समितीचे म्हणणे. मी नोकरीत होतो तोवर माझ्या टेबलावर मात्र तेच जुने घड्याळ नसलेले गणित येत राहिले.

विदर्भातल्या सदस्यांना उदाहरण द्यायची गरज नाही, बाकीच्यांसाठी देतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. सिंचन क्षमता सुमारे अडीच लाख हेक्टर, नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला तेव्हा खर्च ७,७७७ कोटींवर गेला होता. २०१२-१३ च्या दरांनी तो १८,४९४ कोटी झाला. म्हणजे जवळपास पन्नास पट. यात महागाई आहे, हे मलाही कळते. तिचा वाटा सढळ हाताने दहा पट धरा. उरलेल्या पाच पटींचे काय? त्या मूळ ३७२ कोटींच्या तक्त्यात काय काय धरलेच नव्हते, ते पुढे एकेक करून बिलाच्या रूपाने आले. प्रकल्पग्रस्तांसाठी २०१३ मध्ये जे विशेष पॅकेज जाहीर झाले तेच सुमारे १,२०० कोटींचे होते. आख्ख्या धरणाच्या मूळ किमतीच्या तिप्पट! आणि नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते, ते याच जलाशयात साठणार, हे १९८० च्या दशकात कुणी खर्चाच्या रकान्यात लिहिले असेल असे मला वाटत नाही.

धरणांच्या खर्चाचा अंदाज चुकतो तो जगभर चुकतो. जागतिक धरण आयोगाने २००० साली अहवाल दिला. मेधा पाटकर त्याच्या सदस्य होत्या आणि धरणे बांधणाऱ्या उद्योगाचे लोकही सदस्य होते. त्यात मोठ्या धरणांच्या खर्चातली सरासरी वाढ ५६ टक्के निघाली. ब्रिटनच्या अर्थखात्याने तर यावर उपायच काढला आहे. माणूस आपल्या योजनेबद्दल जात्याच आशावादी असतो, तेव्हा खात्याने दिलेल्या खर्चाच्या अंदाजात आधीच ठरावीक टक्के वाढवून मग हिशेब करा, अशी त्यांची सूचना आहे. आमच्याकडे आशावादालाच तांत्रिक मान्यता मिळते.

टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची, गोष्ट सांगतो. ती टाळून पुढे जाता येणार नाही. निवृत्तीनंतर एकदा एका कालव्याच्या मायनरवर, म्हणजे लहान फाट्यावर, गेलो होतो, सहज, नातेवाइकांकडे लग्न होते म्हणून. शेवटच्या दाराच्या पुढे चारी होती, कागदावर पक्की. तिच्या पोटात मनगटाएवढी बाभूळ उगवली होती. बाभूळ एवढी वाढायला चार-पाच वर्षे लागतात, म्हणजे तेवढी वर्षे तिथे पाण्याचा थेंब आलेला नाही. बांधावर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत बसले होते. मी जुना पाटबंधाऱ्याचा माणूस, हे त्यांना कुणीतरी सांगितले असावे. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर माह्या वावरात पानी येते का जी?" मी म्हटले, येते. ते हसले. "मंग कागदावरच पेरा लागते."

त्यांचे वावर निर्मित सिंचन क्षमतेत मोजलेले आहे. चारी खणली की क्षमता निर्माण झाली. पाणी आले की नाही हा वेगळा रकाना, आणि पीक आले की नाही हा तर कुठेच रकाना नाही. २०११-१२ च्या राज्य आर्थिक पाहणीत एक ओळ छापून आली आणि मोठा गदारोळ झाला, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचे प्रमाण दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेले होते. मग श्वेतपत्रिका आली, मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती. पैसे कुणी खाल्ले यावर खूप बोलले गेले, बोलायलाच हवे होते. पण समजा कुणी एक पैही खाल्ली नाही. तरीसुद्धा १.५४ चा तक्ता खोटाच निघाला असता, कारण टेलचे वावर भिजलेले नाही. या मुद्द्यावर सभागृहात फारसे बोलले गेले नाही. आणि पुढची कित्येक वर्षे आर्थिक पाहणीत ओलिताच्या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' असे छापून येऊ लागले. मोजणेच थांबले की वादही थांबतो.

आपल्या दारात याहून मोठे उदाहरण घडले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात गोदावरीच्या अलीकडच्या काठावर उभे राहिले की पलीकडे तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा दिसतो. कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पाचा हा पहिला टप्पा. वैनगंगेचे आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून येऊन याच बंधाऱ्यात अडते. जून २०१९ मध्ये उद्घाटन झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल तेलंगणाच्या विधानसभेत आला. प्रकल्प अहवालात गुणोत्तर किती दाखवले होते? १.५१. हा आकडा वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या संध्याकाळचा चहा आला. कॅगने तोच हिशेब पुन्हा केला तर गुणोत्तर ०.७५ आले, आणि वाढलेला खर्च धरला तर ०.५२. म्हणजे रुपया घालायचा आणि बावन्न पैसे काढायचे. विजेचे वार्षिक बिलच दहा हजार कोटींच्या वर जाणार होते. हिशेबात विजेचा दर युनिटला ३ रुपये धरला होता, खरा त्याहून बराच जास्त होता. आणि फुगवट्याच्या पाण्याने सिरोंच्यातल्या ज्यांच्या शेतात नुकसान होते, ते शेतकरी महाराष्ट्राचे, प्रकल्प तेलंगणाचा. त्यांचे नुकसान लाभ-व्ययाच्या कोणत्या तक्त्यात बसते? लाभ एकाच्या घरी आणि खर्च शेजाऱ्याच्या, असे असले की गुणोत्तर नेहमीच छान येते.

हे सगळे जुने उकरून काढण्याचे कारण पुढे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी उचलून सुमारे ४२६ किलोमीटर कालव्यांनी बुलढाण्यापर्यंत न्यायचे. खर्च ८७ हजार कोटींहून अधिक, सिंचन ३ लाख ७१ हजार हेक्टर. मी पेन्सिल घेतली. जुनी खोड.

८७ हजार कोटींना ३ लाख ७१ हजारांनी भागले की हेक्टरी साडेतेवीस लाख रुपये येतात. एकरी साडेनऊ लाख. त्यावर तक्त्याच्याच नियमाने १० टक्के व्याज आणि १ टक्का घसारा लावला तर एका हेक्टरामागे वर्षाला सुमारे २ लाख ५९ हजार रुपये खर्च. देखभाल आणि उपशाची वीज अजून धरलेली नाही. गुणोत्तर १ यायचे असेल तर त्या हेक्टरातून दरवर्षी एवढे जास्तीचे निव्वळ उत्पन्न निघाले पाहिजे. १.५ हवे असेल तर ३ लाख ८८ हजार. आता वऱ्हाडातले एक हेक्टर कापसाचे वावर डोळ्यांपुढे आणा. चांगले वर्ष, वेळेवर पाणी, बोंडअळी नाही, आणि ३० क्विंटल कापूस निघाला. मध्यम धाग्याचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये. झाले २ लाख १३ हजार. तेही बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी काही वजा न करता, आणि आज कोरडवाहूत जे पिकते तेही वजा न करता.

मी चुकत असेन. प्रकल्पातून पिण्याला आणि उद्योगांनाही पाणी द्यायचे आहे, त्याचा लाभ माझ्या या हिशेबात नाही. संत्र्याचे क्षेत्र जास्त धरले असेल. पिण्याच्या पाण्याचे मोल कापसाच्या भावाने करू नये, हे मला मान्य आहे. गावात फेब्रुवारीपासून टँकर लागत असेल तर त्या पाण्याची किंमत त्या गावच्या बाईला विचारा, माझ्या कॅल्क्युलेटरला नको. पण मग ते मोल मांडा. किती लोकांना, माणशी किती लिटर, आज त्यांना ते किती खर्चाने आणि किती मैलांनी मिळते, उद्या किती खर्चाने मिळेल. पाण्याचा एवढा मोठा व्यवहार करताना ८७ हजार कोटींचा आकडा प्रत्येक वर्तमानपत्रात आला, गुणोत्तर मात्र मला कुठल्याच बातमीत वाचायला मिळाले नाही. आणि ज्या गोसीखुर्दमधून हे पाणी न्यायचे, त्याच्या स्वतःच्या लाभक्षेत्रातल्या शेवटच्या चाऱ्यांचे आधी काय करायचे, हाही प्रश्न उभा आहे.

इथे विदर्भातले माझे मित्र मला थांबवतात. म्हणतात, अनुशेषाचा, विदर्भ मागे राहिला त्या तुटीचा प्रश्न आहे, अन्यायाचा प्रश्न आहे, तिथे गणित कसले काढता? पश्चिम महाराष्ट्राची धरणे बांधताना कुणी गुणोत्तर विचारले होते? या म्हणण्यात दम आहे. १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष मोजत आलो. पण मोजला तो कशात? निर्मित क्षमतेच्या हेक्टरांत. म्हणून चारीत बाभूळ उगवली तरी कागदावर अनुशेष भरून निघतो. भिजलेले वावर मोजले असते तर विदर्भाची बाजू जास्त भक्कम झाली असती. हिशेब हे दुबळ्याचे हत्यार आहे, ते आपण आपल्याच हाताने बोथट करतो आणि मग मुंबईला दोष देतो.

गणिताला मर्यादा आहेत, हे मी सोयीसाठी लपवणार नाही. बुडीत क्षेत्रातल्या माणसाची एक एकर आणि लाभक्षेत्रातल्या बागायतदाराची एक एकर तक्त्यात सारख्याच भावाने धरली जाते. देवीचे ठाणे, स्मशान, ज्या नदीत पोरे पोहायला शिकली ती नदी, यांना तिथे रकाना नसतो, आणि मी तो सुचवतही नाही. सुचवला तर कुणीतरी त्यातही आकडा भरेल. अशा गोष्टी रुपयांत न धरता तक्त्याखाली सरळ वाक्यांत लिहाव्यात, म्हणजे मत देणाऱ्याला त्या दिसतील. निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे. गुणोत्तर ०.८ आले तरी दुष्काळी तालुक्यासाठी प्रकल्प करायचा, असा ठराव सभागृहाने उघडपणे केला तर मी टाळ्या वाजवीन. इंग्रजांनीसुद्धा नीरेचा कालवा दुष्काळासाठी म्हणून काढला होता. (बाजरी-ज्वारीचा तो कालवा पुढे उसाचा कसा झाला, ते बारामतीकडच्या सदस्यांना मी सांगायला नको. पीकरचना शेतकरी ठरवतो, तक्ता नाही.) पण ०.८ ला १.५४ करून घेतलेल्या मंजुरीत तुमचा ठरावच होत नाही. निर्णय माझ्यासारख्या शाखा अभियंत्याच्या खोडरबराने होतो.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कधीच नसते. हे नाही केले तर त्याच पैशात दुसरे काय करता येईल? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतला गाळ काढला, सांडवे आणि पाट दुरुस्त केले तर हेक्टरी खर्च किती येईल, लाभ किती होईल? मोठ्या धरणाच्या तक्त्याशेजारी हा एक तक्ता ठेवला तर कदाचित धरणच जिंकेल. जिंकू दे. स्पर्धेत एकच घोडा पळवून त्याला पहिला नंबर देण्याची आपली रीत मात्र थांबेल.

मग करायचे काय? नवी समिती नेमू नका, हात जोडतो. अर्धवट प्रकल्पांच्या बाबतीत झालेला खर्च विसरून जा. तो गेला. धरण भरलेले आहे आणि फक्त वितरिका राहिल्या आहेत, अशा ठिकाणी पुढे लागणारा पैसा आणि त्यातून भिजणारे वावर एवढेच बघा. गुणोत्तर न वाकवता तीन-चारच्या वर जाईल असे प्रकल्प मी स्वतः पाहिले आहेत. त्यांची कामे पैशाअभावी रखडतात, कारण पैसा नव्या भूमिपूजनांत वाटला जातो. उलट काही प्रकल्पांत एवढा खर्च झाल्यावरही पुढचा पैसा वाया जाणार असेल, तर तिथे थांबण्याचे धैर्य लागेल. "इतके कोटी गेले, आता कसे थांबवायचे" हे वाक्य मी असंख्य बैठकांत ऐकले आहे. जुगाराच्या अड्ड्यावरही तेच म्हणतात.

तक्ता बनवणारा आणि तपासणारा एकाच साहेबाच्या हाताखालचा नसावा. आणि मुख्य म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला असे जाहीर केल्यावर दहा वर्षांनी जुना तक्ता काढून त्याच्याशेजारी प्रत्यक्षातला रकाना भरावा. हे आपल्याला अशक्य नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरच्या गावांची आणि शेजारच्या कोरडवाहू गावांची पाहणी केली होती. त्यातून कालव्यांचा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती, याचा अहवाल १९४८ साली छापून निघाला. कॉम्प्युटर नव्हता, उपग्रह नव्हता. माणसे गावोगाव चालत गेली आणि विचारून आली. आज कुठले वावर रब्बीत हिरवे आहे ते उपग्रहाच्या चित्रात घरबसल्या दिसते, तरी आपल्या एकाही मोठ्या प्रकल्पाचा असा शेजारी-शेजारी ठेवलेला हिशेब मी सभागृहात मांडलेला ऐकला नाही.

पुढच्या वेळी पुरवणी मागण्यांत एखादी सुप्रमा येईल, तेव्हा आपल्यापैकी एकाने उभे राहून एवढेच विचारावे : पहिल्या मान्यतेच्या वेळी गुणोत्तर किती होते, आज किती आहे, मधल्या काळात पीकरचना कुणी आणि का बदलली? उत्तर पटलावर ठेवावे. दुरुस्त्या बहुधा शिसपेन्सिलीने केलेल्या असतात. कागद उजेडात तिरका धरला की खालचा आकडा दिसतो.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. गोसीखुर्द तिथून गाडीने दोन तासांच्या आत आहे. शनिवारी कामकाज नसेल तर चला. धरण पाहायला नको, ते सगळ्यांनी पाहिले आहे. आपण कालव्याने खाली खाली जाऊ, पाणी जिथे संपते तिथपर्यंत. गाडी आणि डबा माझा. आपण फक्त तेवढा तक्ता घेऊन यावा.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
नागपूर